पाय टेकू नका!

समुद्राचे अप्रूप काय असते, ते मुंबईकराला सांगून कळायचे नाही. त्याला नागपूरकरच व्हावे लागेल. आमच्या गावात झीरो माइलचा दगड आहे, संत्री आहेत, अंबाझरीचा तलाव आहे. नाही तो फक्त समुद्र! म्हणून गेल्या डिसेंबरात मालवणचा बेत ठरला, तेव्हा घरातून जणू वऱ्हाडच निघाले. सौ.ने संत्रा बर्फीचे चार डबे बांधले. मी मात्र मनातल्या मनात शेखी मिरवीत होतो : आपण काटोलकडच्या विहिरीत पोहायला शिकलेलो, समुद्र तो काय!

मालवणच्या धक्क्यावरून होडी निघाली. समोर सिंधुदुर्ग. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर ह्या किल्ल्याचे बांधकाम सुरू केले. होडीवाल्याने खडकांच्या आडोशाला होडी थांबवली. डोळ्यांवर काचेचा मोठा चष्मा, तोंडात स्नॉर्कलची नळी, अंगात तरंगते जाकीट. हा माझा अवतार पाहून नातीला हसू आवरेना.

पाण्यात उतरलो आणि पहिल्याच क्षणी नळीत पाणी शिरले. घाबरलेला माणूस करतो तेच मी केले : पायांनी तळ शोधू लागलो. तोच वरून आरोळी आली, ''काकानू, पाय टेकव नकात! तो दगड नाय, जितो जीव आसा!''

मी पाय आखडून घेतले. पालथा पडलो, तोंड पाण्यात घातले, आणि काय सांगू! ज्यावर मी उभा राहणार होतो, ते माणसाच्या डोक्याएवढे गोल प्रवाळ होते. मोहरीएवढ्या जीवांनी चुना साठवून बांधलेली ती वसाहत. असली प्रवाळे वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. माझ्या एका पावलाने किती वर्षे मोडली असती! पिवळे-काळे पट्टेदार मासे त्याभोवती निवांत हिंडत होते.

थोडे पुढे एक चौकोनी घडीव चिरा दिसला. कधीतरी तटावरून ढासळला असावा. त्याला कालवे चिकटली होती, शेवाळ धरले होते, कपारीत खेकडा बसला होता. वाळूवर समुद्रातल्या पिल्लांना बूड टेकायला जागा मिळत नाही. कठीण दगड मिळाला की आधी शेवाळ, मग शिंपले, मग लहान मासे, त्यांच्यामागे मोठे, असा संसार मांडला जातो. शत्रूसाठी घडवलेला चिरा माशांचे घर झाला होता! किनाऱ्यालगत सिमेंटचे ठोकळे मुद्दाम सोडून कृत्रिम खडक करतात, ते ह्याच कारणाने. २०२४ च्या जानेवारीत नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' ही युद्धनौका निवतीच्या खडकांजवळ बुडवून असेच घर करण्याची योजना आखली गेली, हे होडीवाल्याने मोठ्या अभिमानाने सांगितले.

एवढ्यात त्याचा पोरगा जाकिटाशिवाय, नुसत्या एका श्वासावर, सरळ तळाशी गेला. हल्ली ह्याला फ्रीडायव्हिंग म्हणतात. माझ्यातला विहिरीतला पोहणारा जागा झाला. जाकीट सोडून मी भराभर दहा-बारा श्वास ओढू लागलो. होडीवाल्याने माझा दंडच धरला.

गुदमरल्याची जाणीव प्राणवायू संपल्याने होत नाही. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते. भराभर श्वास घेतला की तो वायू उडून जातो. मग प्राणवायू संपत आला तरी जीव घाबरा होत नाही आणि माणूस पाण्यातच बेशुद्ध पडतो. एकट्याने बुडी कधी मारू नये, तीही ह्याच कारणाने.

मी होडीची कड धरून गप्प राहिलो. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी आमच्या विहिरीत माझा मित्र पैजेसाठी असाच धापा टाकून बुडाला होता. मीच त्याचे श्वास मोजले होते! बाहेर काढला तेव्हा ओठ निळे पडले होते, नशिबाने वाचला. ''विहिरीतल्या भुताने धरले,'' असे थोरले म्हणाले, आणि मीही आजवर तेच मानीत आलो होतो.

परत धक्क्यावर उतरलो, तेव्हा बर्फीचा अख्खा डबा होडीवाल्याच्या हाती ठेवला. सौ. बघतच राहिली. डबा होता तिच्या नागपूरच्या विहिणीसाठी वेगळा राखलेला!

त्या रात्री मी मित्राला फोन केला. म्हटले, ''बाप्पा, ते भूत नव्हतं रे. आपलंच अज्ञान होतं.''