पोटदुखी आणि दोन ग्रंथ

पहिली सून निवर्तल्यानंतर दोन वर्षांनी मुलाने पुनर्विवाह केला. वाशीम जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी अशा घराकडे लोकांचे लक्ष असतेच. अकरा वर्षांचा नातू सकाळी सकाळी पोट दुखते म्हणू लागला, तेव्हा शेजाऱ्यांचे निदान तयार होते : ‘सावत्रपणा, दुसरे काय!’ डॉक्टरांना मात्र तपासणीत काही आढळले नाही.

पुण्याच्या भाचीने दोन इंग्रजी ग्रंथ सुचविले. एक अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया पेपरनाऊ यांचा, सावत्र नात्यांवरचा, २०१३ सालचा. दुसरा नॉर्वेतील संशोधक डॅन ओल्वेयस यांचा, शाळेतील दांडगाईवरचा, १९९३ सालचा. मंदावलेल्या दृष्टीला एका वेळी एकच ग्रंथ झेपतो. आधी कोणता मागवावा?

उत्तर कॅलेंडरने दिले. पंधरवडाभर मी त्यावर खुणा केल्या. पोट दुखे ते शाळेच्या दिवशी. रविवारी कधीच नाही. नवी आई तर रविवारी दिवसभर घरातच असे. म्हणजे दुखण्याचे मूळ घराबाहेर शोधायला हवे होते. मी ओल्वेयस मागविले.

हेतुपुरस्सर, वारंवार आणि बळाच्या विषमतेतून दिलेला त्रास म्हणजे दांडगाई, अशी त्यांची व्याख्या आहे. बळच विषम असेल, तर ‘तूही दे दोन ठेवून’ हा सल्ला लेकराच्या काय कामाचा? मधल्या सुट्टीत मोठ्यांची देखरेख हवी, असा त्यांचा आग्रह आहे. नातवाला जवळ बसवून शांतपणे विचारले, तेव्हा कळले : वरच्या वर्गातील तीन मुले त्याला ‘सावत्र’ म्हणून हिणवीत व डबा हिसकावून घेत.

मुलगा वर्गशिक्षिकांना भेटायला निघाला, तेव्हा सून म्हणाली, ‘‘बाबा, मीही जाते.’’ दोघेही गेले. मधल्या सुट्टीत देखरेख सुरू झाली. कॅलेंडरवरील खुणा विरळ झाल्या. पूर्णपणे थांबलेल्या नाहीत.

आता पेपरनाऊ वाचतो आहे. सावत्र पालकाने आधी जवळीक साधावी, शिस्तीचा भार सख्ख्या पालकाने वाहावा, असे त्या सांगतात. दोन आयांपैकी एकीची निवड करण्याच्या पेचात मुलाला टाकू नये, हेही त्यातून उमगते. पहिल्या सुनेची तसबीर बैठकीतच आहे. तिचा हार नवी सून बदलते.

आपल्या घरातील लेकरू वारंवार पोटदुखी सांगत असेल, तर प्रथम डॉक्टरांना दाखवावे. त्यानंतर कोणावर ठपका ठेवण्याआधी वारांची नोंद ठेवावी. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांकही हाताशी असू द्यावा.