एक ‘हॅड’

मराठींत ‘मी काल बाजारांत गेलों होतों’ असें आपण सहज म्हणतों. म्हणून आम्हीही इंग्रजींत ‘येस्टरडे आय हॅड गॉन’ असें बेधडक लिहीत असूं. आजी अत्यवस्थ असल्याचें कळल्यावरून एकदां आम्ही गांवीं जाऊन आलों व त्या प्रवासावर निबंध लिहिला. मास्तरांनीं तो परत दिला, तेव्हां शेवटचा एक सोडून सारे ‘हॅड’ तांबड्या शाईनें खोडलेले होते!

मास्तर म्हणाले, “काल गेलों, एवढेंच सांगावयाचें तर ‘वेंट’ पुरे. गत काळांतील दोन गोष्टींपैकीं आधींची कोणती, हें दाखवावयाचें असेल तेव्हां ‘हॅड गॉन’. मराठींतला ‘होतों’ दोन्ही कामें करतो. इंग्रजींतल्या ‘हॅड’ला तें चालत नाहीं.”

राखलेलें वाक्य असें होतें: ‘व्हेन वुइ रीच्ड द व्हिलेज, ग्रँडमदर हॅड डाइड.’ वाटेंत नदीला पूर आल्यामुळें आम्ही अलीकडच्या तीरावर खोळंबलों होतों. येथला ‘हॅड’ काढून केवळ ‘डाइड’ ठेविलें, तर आम्ही पोहोंचल्यावर आजीनें प्राण सोडला, म्हणजे शेवटची भेट झाली, असा अर्थ निघेल. तसें घडलें नव्हतें.

विद्यार्थिमित्रहो, ‘हॅड’ लिहिण्यापूर्वीं त्याच्यामागून कोणती गोष्ट घडली, तें अवश्य पहावें. आम्हीं पुढें पुष्कळ ‘हॅड’ स्वतःच खोडले. तो एक मात्र खोडतां आला असता, तर किती बरें झालें असतें!