होज पाईप आतून पाहावा

मे महिन्यात सोलापूरचा पारा 43 अंशांच्या पुढे गेला, की सात रस्त्याच्या गर्दीत खोळंबलेल्या जुन्या गाड्यांच्या बॉनेटखाली काय चालले असेल, याची मला काळजी वाटते. मारुती 800 चे उत्पादन 2014 मध्ये थांबले, टाटा सुमोचे 2019 मध्ये. अशा गाडीत मूळचा रेडिएटर पाईप अजून असेल तर तो थकलेला आहे. बदललेला असेल तर नवा कशावरून पारखला, हा प्रश्न उरतो. बहुतेकांची नजर बाहेरच्या काळ्या तकाकीवर आणि किमतीवर असते. पण होज पाईप आतून मरतो. इंजिन आणि रेडिएटर वेगवेगळ्या धातूंचे, मध्ये खेळणारे कूलंट. त्यातून अगदी क्षीण विद्युतप्रवाह वाहतो आणि रबराच्या आतल्या थराला लांबीच्या दिशेने बारीक चिरा पडतात. त्या बहुधा टोकांशी, क्लिपपासून दोनेक इंचांच्या आत असतात. त्यामुळे इंजिन थंड असताना पाईप आधी मधोमध आणि मग क्लिपजवळ चिमटीत दाबून पाहावा. टोक जास्त मऊ लागले किंवा बोटांखाली खाच जाणवली, तर वरून कितीही धडधाकट दिसो, तो काढायचा.

नवा घेतानाही कापलेले तोंड उजेडात धरावे. रबराच्या दोन थरांमध्ये सुताची वीण सलग दिसली पाहिजे. सुताची पारख सोलापूरकराला वेगळी शिकवायला नको. ईपीडीएम हे रबराच्या प्रकाराचे नाव आणि बनवल्याची तारीख छापलेली असावी, कारण रबर दुकानात पडूनही म्हातारे होते. रेडिएटरचा खालचा पाईप पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. मूळ पाईपात स्प्रिंग असेल तर नव्यातही हवीच. नाहीतर पाईप विजापूरच्या रस्त्यावर वेग घेतल्यावर आत ओढला जाऊन चिकटतो आणि गॅरेजात गाडी उभी असताना दोष सापडत नाही.

मग सरळ सिलिकॉनचाच का घालू नये, असे विचारतात. सिलिकॉन जास्त उष्णता सोसते हे खरे. पण रेडिएटरच्या साधारण 0.9 बारच्या टोपीखाली ठीक चालणाऱ्या इंजिनाचे कूलंट चांगल्या ईपीडीएमच्या मर्यादेतच राहते. उलट सिलिकॉनमधून पाण्याची वाफ हळूहळू झिरपते आणि दातेरी क्लिप त्याला कापते. तेल दोघांनाही सोसत नाही, म्हणून गळती आधी बंद करावी. सरळ पाईप वाकवून बसवण्याची काटकसर तर मला मुळीच पटत नाही. बाकात तो चपटा होतो आणि प्रवाह अडतो. इंजिन तापून हेड गॅस्केट उडाले, की होणारा खर्च सगळ्या पाईपांच्या किमतीच्या कितीतरी पट असतो. तेव्हा फेब्रुवारीतच वरचा, खालचा आणि बायपासचा असे सगळे पाईप नव्या क्लिपांसह एकदम बदलून घ्या, आणि रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतू नका.