फ्लिका आणि आमचा पवळ्या

गेल्या दिवाळीत नातू घरी आला होता. रात्री जेवणं झाल्यावर त्यानं मोबाइलवर एक जुना अमेरिकन सिनेमा लावला. ‘माय फ्रेंड फ्लिका’, १९४३ सालचा. मेरी ओहारा या बाईंच्या कादंबरीवरून काढलेला. मला इंग्रजी येत नाही; पण जनावर कळतं, तेवढ्यावर भागलं. अडलं तिथं नातू सांगत होता.

वायोमिंग प्रांतातलं घोडे पाळणारं कुटुंब. त्यांचे घोडे डोंगरमाळावर मोकळे चरणारे, माणसाच्या हाताची सवय नसलेले. मुलगा केन अभ्यासात कच्चा, सदा आपल्याच नादात. शेवटी वडील म्हणतात, एक शिंगरू निवड आणि तूच वाढव. केन नेमकं एका द्वाड घोडीचं निवडतो! वडिलांना ते मुळीच पसंत नाही.

शिंगरू मादी. घरचा जुना गडी तिला ‘फ्लिका’ म्हणतो. स्वीडिश भाषेत त्याचा अर्थ पोरगी. धरायला गेल्यावर ती बिथरते आणि काटेरी तारेत फाटते. जखमा चिघळतात. हे हाल संपवा, गोळी घाला, असं वडील सांगतात. पोर मात्र ओढ्याच्या गार पाण्यात बसून, तिचं डोकं धरून रात्र काढतं.

इथं मला पडद्याकडे बघवेना.

१९७२ साली मी बारा वर्षांचा होतो. आमचा पवळ्या खोंड असाच तारेत अडकला. मांडीच्या जखमेत किडे पडले. मी रोज टर्पेंटाइनचे बोळे भरायचो, वर हळद-तेल लावायचो. एके दिवशी शाळेतून आलो तर दावं रिकामं. आबांनी त्याला हेड्याला देऊन टाकलं होतं. पंधरा दिवस मी आबांशी बोललो नाही. तेही काही बोलले नाहीत. दुष्काळात कडब्याची पेंढी मिळत नव्हती, धडधाकट बैलांनाच वैरण पुरेना, हे कळायला मला स्वतःचा संसार करावा लागला.

सिनेमातला बापही दुष्ट नाही, हे मला फार आवडलं. फ्लिका शेवटी वाचते.

नातवानं मोबाइल बंद केला. म्हणाला, “आजोबा, पवळ्या बरा झाला असता का हो?”

“जखम सुकत आली होती,” मी म्हटलं.