रॉसच्या माळावरची मशीद

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्याचा नकाशा पाहिला की आम्हाला गणिताची चौकटीची वही आठवते. सहा मैल लांब, सहा मैल रुंद ती टाऊनशिप. तिचे 36 भाग. ओढा आडवा आला तरी सरकारी रेघ सरळच. सोळावा आणि छत्तिसावा भाग शाळांसाठी राखलेला, हे आम्हा मास्तरांना विशेष आवडले!

1862 च्या होमस्टेड कायद्याने इथे 160 एकर जमीन मिळे, पण पाच वर्षे त्याच जमिनीवर राहून ती कसावी लागे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आजच्या सीरिया-लेबनॉनकडचे काही मुसलमान शेतकरी रॉस गावाच्या परिसरात आले. मायदेशी घराला घर लागून वस्ती. इथे जो तो आपापल्या शेतात. शेजारी लांब, आणि हिवाळ्यात वाटाच बर्फाखाली. नमाजेसाठी कुणाच्या तरी घरी जमायचे. अखेर 1929 मध्ये त्यांनी मशीद बांधली. अर्धी जमिनीत, ना मिनार ना घुमट. मशीद म्हणूनच बांधलेल्या अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या वास्तूंपैकी ती एक.

पुढे मंदी आली, दुष्काळ आला. मुले शहरांकडे गेली, घरातली अरबी सुटली. 1970 च्या दशकात ती ओस मशीद पाडली गेली.

कब्रस्तान मात्र राहिले. त्याच्या कमानीवर चंद्रकोर आणि तारा आहे. 2005 मध्ये शेजारीच एक छोटी, घुमटाची मशीद उभी राहिली. चहूकडे गहू आणि गवत; नमाजी क्वचितच येतात.