पी हळद आणि हो गोरी!

ॲस्टेरिक्सच्या गावातल्या म्हाताऱ्या पुरोहिताने हंड्यात शिजवलेला काढा घोटभर प्यायला, की समोरचे रोमन सैनिक थेट हवेत! हॅरी पॉटरच्या जगात नशीब फळफळवणारं औषधसुद्धा बाटलीत मिळतं. आपणही काही मागे नाही बरं का. समुद्रमंथनातलं अमृत आहे, लक्ष्मणाची संजीवनी आहे आणि सगळ्यात इन्स्टंट फॉर्म्युला म्हणजे ‘पी हळद आणि हो गोरी’! खरं तर ही म्हण उतावळ्यांची टिंगल करणारी. पण सध्या कॅफेत टर्मरिक लाटेसमोर बसलेले आपण ती भलतीच सिरियसली घेतलीय.

या हळदीचा माग काढायचा तर हिंगोली जिल्हा गाठायचा. औंढा नागनाथला ज्योतिर्लिंगाचं दर्शन घेऊन वसमतकडे निघालं, की वाटेत शिरड शहापूर लागतं. बहुतेक गाड्या इथे थांबत नाहीत. मी थांबलो, कारण या छोट्या गावात दोन ‘जादुई’ द्रव एकाच फेरीत भेटतात.

पहिला आहे देवळात. इथलं मल्लिनाथांचं मंदिर म्हणजे दिगंबर जैनांचं अतिशय क्षेत्र, म्हणजे चमत्कारांच्या कथा जोडलेलं ठिकाण. मल्लिनाथ हे 19वे तीर्थंकर आणि त्यांचं चिन्ह आहे कलश! मूर्तीच्या अभिषेकाचं पाणी म्हणजे गंधोदक. ते प्यायचं नसतं. बोटाने कपाळाला आणि डोळ्यांना लावायचं. यामागे मैनासुंदरीची गोष्ट सांगतात. ‘जे मिळतं ते आपल्या कर्माने’ असं ठणकावणाऱ्या या राजकन्येचं लग्न चिडलेल्या बापाने कुष्ठरोगी श्रीपालशी लावून दिलं. तिने आठ दिवस सिद्धचक्राची पूजा केली, गंधोदक शिंपडलं आणि नवऱ्यासकट त्याचे 700 सोबती बरे झाले. लोक मनोभावे बोट बुडवतात, डोळे मिटतात आणि निघतात. बाटलीवर लेबल नाही, डोस नाही, दावाही नाही.

दुसरा द्रव देवळाबाहेर, शेतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे हळदीची काढणी चालते. आठ-नऊ महिने जमिनीत वाढलेले कंद उकडायचे, उन्हात खडखडीत वाळवायचे, मग पॉलिश. उकडलेल्या हळदीचा मातकट, उग्र वास कपड्यांना असा चिकटतो की विचारू नका. शेजारच्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये जीआय मानांकन मिळालं.

याच हळदीसाठी एक जंगी लढाई झालीय. 1995 मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या मेडिकल सेंटरला ‘हळदीने जखम भरते’ याचं चक्क पेटंट मिळालं! आपल्या सीएसआयआरने 1996 मध्ये त्याला आव्हान दिलं. तेव्हा तिचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर. जुने संस्कृत, उर्दू दाखले आणि 1953 चा एक शोधनिबंध पुढे ठेवला आणि 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. आजीचा बटवा जिंकला!

पण थांबा. ‘हे आमचं जुनं ज्ञान आहे’ एवढंच तिथे सिद्ध झालं. हळद कुठल्याही आजारावर चालते, असं नाही. वाळलेल्या हळदीत कर्क्युमिन असतं साधारण 3 टक्के, आणि तेही शरीरात नीट शोषलं जात नाही. मिरीतल्या पिपरीनसोबत ते कितीतरी जास्त शोषलं जातं, हे 1998 मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं. तरी 2017 मधल्या एका मोठ्या आढाव्यात कर्क्युमिनची एकही कडक चाचणी यशस्वी ठरलेली सापडली नाही. उलट हळदीच्या सप्लिमेंट्सनी यकृताला इजा झाल्याच्या केसेस अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नोंदवल्यात. त्यातल्या काही गोळ्यांत मिरीचा अर्कही होता.

शेतावरच्या काकांना मी विचारलं, तुम्ही काय करता? ते हसले. ‘सर्दी-खोकला असला तर दुधात चिमूटभर. दुखणं मोठं असंल तर दवाखानाच गाठावा लागतोय भाऊ.’

फंडा इतका सिंपल आहे. या गावात श्रद्धेचं पाणी कपाळाला लागतं, हळद दुधात पडते आणि आजार डॉक्टरकडे जातो. तिन्हींची भांडी वेगळी. आपण शहरात मात्र तिन्ही एकाच कपात ओततो. डेडलाइनचा ताण, उडालेली झोप, वाढलेली शुगर, सगळ्यांवर एकच कॅप्सूल. आणि कुणी ऑफिसमधल्या मित्राच्या सल्ल्यावरून चालू गोळ्या बंद केल्या, तर तो मामला टाइमपासचा राहत नाही.

जायचं असेल तर फेब्रुवारी-मार्च बेस्ट. रेल्वेने वसमत, विमानाने नांदेड, पुढे रस्त्याने. येताना सबंध हळकुंडं आणा, घरी दळा. रात्री गरम दुधात चिमूटभर टाकून निवांत प्या. मस्त लागतं. गोरं मात्र कुणी होत नाही!