पर्वतीच्या पायऱ्या आणि मालकीचे कुलूप

गावाकडचे पाहुणे पुण्यात आले की त्यांना शनिवारवाडा, सारसबाग आणि पर्वती दाखवून आणायची, ही आपल्या घरोघरची रीत. त्यात काही वावगे नाही. सारसबागेत मुले भेळ खातात, वडीलधारी मंडळी हिरवळीवर टेकतात आणि ज्यांच्या पायांत बळ आहे ते पर्वती चढतात. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत येऊ लागली, तिथून टेकडीचा पायथा चालत गाठता येतो. दगडी पायऱ्या एकशे तीन. रुंद आहेत, त्यामुळे आजीबाईसुद्धा थांबत थांबत वर पोचतात. वर देवदेवेश्वराचे देऊळ, विष्णूचे आणि कार्तिकेयाचे देऊळ, पेशव्यांच्या वस्तूंचे संग्रहालय. कठड्याशी उभे राहिले की सारे पुणे नजरेत मावते. नानासाहेब पेशव्याने हे देऊळ १७४९ साली बांधले, आणि पानिपतानंतर १७६१ साली तो इथेच वारला, एवढे कोणीही सांगतो.

वाचकहो, पर्वतीची आणखी एक तारीख आहे, ती आपण आपल्या मुलांना सांगितली पाहिजे. ती म्हणजे १३ ऑक्टोबर १९२९. त्या दिवशी रविवार होता. याच पायऱ्यांवर आपल्या माणसांनी सत्याग्रह केला. पुढारी होते शिवराम जानबा कांबळे, ज्यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ काढून आपल्या समाजाला स्वतःचे पत्र दिले, आणि पां. ना. राजभोज, जे पुढे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे सरचिटणीस झाले, १९५२ साली सोलापुरातून लोकसभेवर निवडून गेले आणि नंतर बौद्ध झाले. सवर्णांतलेही काही जण खांद्याला खांदा लावून आले होते. काकासाहेब गाडगीळ होते, एस. एम. जोशी आणि ना. ग. गोरे हे तेव्हाचे तरुण होते. बाबासाहेबांचा या लढ्याला पाठिंबा होता.

काय झाले? दगड झाले, मारहाण झाली. राजभोज जखमी झाले. सत्याग्रह काही आठवड्यांत मिटला नाही, १९३० चा जानेवारी उजाडला तरी चालूच होता. पण देवळाचे दार काही उघडले नाही.

दगड मारणारे कोण आणि कसे होते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. मला इथे लिहायचे आहे ते देवस्थानच्या पंचांनी दिलेल्या उत्तराविषयी. सत्याग्रहाआधी देऊळ सर्वांना खुले करा अशी रीतसर मागणी झाली होती. पंचांनी त्यावर शास्त्रापेक्षा वेगळीच ढाल पुढे केली. देवस्थान खाजगी आहे, तेव्हा आत येण्याचा हक्क कोणाला सांगता येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. म्हणजे विटाळाची जुनी भाषा बाजूला राहिली आणि मालकीहक्काची नवी, कोर्टात शोभणारी भाषा पुढे आली. जो आत येऊ पाहील तो पापी ठरण्याऐवजी घुसखोर ठरणार! पाप्याशी वाद घालता येतो. घुसखोरावर फौजदारी करता येते.

आणि खाजगी म्हणजे काय, तेही पाहा. पुण्यातला सवर्ण माणूस सकाळी उठून पर्वतीवर जाई तेव्हा त्याला कोणी मालकाची चिठ्ठी विचारत नसे. त्याच्यासाठी ती टेकडी सार्वजनिक. आपला माणूस पायरीवर दिसला की तीच टेकडी खाजगी. शिवाय देऊळ पेशव्याने बांधले ते राज्याच्या खजिन्यातून, आणि तो खजिना रयतेच्या घामावर भरलेला. त्याच पेशव्यांच्या पुण्यात आपल्या पूर्वजांच्या गळ्यात गाडगे आणि कमरेला झाडू होता, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये लिहून ठेवले आहे.

हीच युक्ती दोन वर्षांपूर्वी महाडला वापरून झाली होती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. डिसेंबरात दुसरी परिषद ठरली, तेव्हा १२ डिसेंबरला तिथल्या सवर्णांनी दिवाणी दावा ठोकला. तळे नगरपालिकेचे नसून चौधऱ्यांचे खाजगी आहे, असा तो दावा. दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. परिषदेच्या मांडवाला जागा द्यायलाही कोणी सवर्ण मालक तयार होईना. अखेर फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली ती या माणसाच्या मालकीच्या जमिनीवर उभारलेल्या परिषदेत. आपण महाडचे नाव घेतो तेव्हा फत्तेखानांचेही घ्यावे असे मला वाटते. बोलायचे स्वातंत्र्य कागदावर कितीही असो, उभे राहायला दोन हात जमीन लागते. ती कोणाची तरी असते.

महाडचा दावा जवळजवळ दहा वर्षे चालला. खालच्या कोर्टात हरल्यावर वादी ठाण्याला गेले, तिथे हरल्यावर मुंबई हायकोर्टात गेले. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाने शेवटचा निकाल दिला. तळे खाजगी नाही, आणि आपल्याला तिथे मज्जाव करण्याची अनादी काळापासूनची रूढीही सिद्ध झालेली नाही. एका घोटभर पाण्यासाठी दहा वर्षे!

मागे आमचा भाचा सुट्टीत आला होता. कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. पर्वती चढताना ही हकीगत सांगितली, तर तो मध्येच थांबून म्हणाला, “मामा, पण आपल्या घरात कोणाला घ्यायचे हे मालकानेच ठरवायचे ना? उद्या कोणी आपल्या ओसरीवर येऊन घोषणा देऊ लागला तर आपण त्याला बाहेर काढणारच.” प्रश्न खरा आहे, त्याला झिडकारून चालणार नाही. आपल्याच वस्त्यांत लोकांनी पोटाला चिमटा घेऊन दोन खोल्या बांधल्या आहेत. त्या दाराला कडी लावण्याचा हक्क हीसुद्धा लढून मिळवलेली गोष्ट आहे. गावात आपल्याला घराची जागादेखील स्वतःची म्हणता येत नव्हती. तेव्हा मालकी वाईट असे मी म्हणणार नाही. पण ओसरी वेगळी आणि पर्वती वेगळी. ज्याने आपले दार साऱ्या गावाला उघडे टाकले, त्याने त्यातून एका जातीला, किंवा तक्रार घेऊन आलेल्या माणसाला, तेवढेच निवडून हाकलायचे, याला घराची कडी म्हणत नाहीत.

हा वाद आपल्यापुरता नाही. अमेरिकेत ग्रीन्सबरो गावी १ फेब्रुवारी १९६० रोजी चार काळे विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानात गेले. एका काउंटरवर त्यांनी सामान विकत घेतले, दुकानदाराने पैसे घेतले. मग ते खाण्याच्या काउंटरवर बसले, तर तिथे त्यांना वाढायला नकार. ते उठले नाहीत. अशी बैठी आंदोलने गावोगाव झाली आणि ठिकठिकाणी विद्यार्थ्यांना खाजगी जागेत घुसल्याच्या आरोपाखाली पकडले. तिथेही मालक म्हणत होते, दुकान आमचे, गिऱ्हाईक आम्ही निवडणार. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेले, खानावळी, नाटकगृहे यांपुरते ते उत्तर बंद केले. पुढे कॅलिफोर्नियात एका मोठ्या बाजारसंकुलात शाळकरी मुले सह्या गोळा करत होती, त्यांना पहारेकऱ्याने बाहेर काढले. प्रकरण थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८० साली मुलांच्या बाजूने लागले. पण ते त्या एका राज्याच्या घटनेमुळे. सगळ्या देशाला तो नियम लागू नाही.

आपल्याकडे काय झाले? १९४७ साली मुंबई प्रांताने हरिजन मंदिर प्रवेश कायदा केला. (नावातला तो शब्द आपल्याला मान्य नाही, पण कायद्याचे नाव तसेच आहे.) त्यात देवळाची व्याख्या करताना ते कोणाच्याही मालकीचे असो, हिंदू लोक वहिवाटीने तिथे पूजा करत असतील तर ते देऊळच, असे धरले. पर्वतीच्या पंचांच्या उत्तराला हे सरळ उत्तर होते. मग घटना आली. सतराव्या कलमाने अस्पृश्यता गेली. पंधराव्या कलमात दुकाने, खानावळी, विहिरी, तळी, घाट आणि रस्ते आले, आणि सरकारी पैशाने चालवलेल्या किंवा लोकांच्या वापरासाठी सोडलेल्या जागा असे शब्द घातले. ते वाचताना चवदार तळे डोळ्यांपुढे येते. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हा कायदा १९७६ साली दुरुस्त होऊन नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. मालकाने पूजेसाठी लोकांना खुले केलेले खाजगी देऊळसुद्धा त्यात सार्वजनिक धरले गेले. पर्वतीच्या पायऱ्यांवर १९२९ साली मांडलेला मुद्दा कायद्याच्या पुस्तकात असा स्वच्छ उतरायला सत्तेचाळीस वर्षे लागली. त्या दिवशी मार खाल्लेल्यांपैकी शिवराम जानबा तो दिवस पाहायला नव्हते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हे सगळे आत जाण्याविषयी झाले. आत जाऊन किंवा दारात उभे राहून बोलण्याविषयी कायदा एवढा मोकळा नाही. १९६९ साली रेल्वेच्या आवारातल्या कामगार सभांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने सांगितले की भाषणाचे आणि सभेचे स्वातंत्र्य आहे, पण ते दुसऱ्याच्या जागेत बजावण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. सरकार मालक असले तरी तेच. १९७२ साली अहमदाबादच्या खटल्यात मात्र सार्वजनिक रस्त्यावर सभा घेण्याचा हक्क मानला. पोलीस आयुक्ताने वाहतुकीचे नियम घालावेत, पण मनाला येईल तशी परवानगी नाकारू नये, असे म्हटले. आणि ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीच्या शाहीनबागेच्या प्रकरणात निकाल आला की आंदोलने ठरवून दिलेल्या जागी व्हावीत, रस्ता बेमुदत अडवता येणार नाही. तेव्हा आपल्या वाट्याला उरतो तो रस्ता, मैदान आणि ठरवून दिलेली जागा.

पुण्यात ही जागा म्हणजे बहुधा जिल्हाधिकारी कचेरीच्या बाहेरचा पट्टा. स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालायचा, तिथून मोर्चा काढायचा आणि कचेरीच्या फाटकाशी निवेदन द्यायचे, हा क्रम आपल्या कार्यकर्त्यांना पाठ आहे. पण शहर बदलते आहे. गर्दी आता मंडईइतकीच मॉलमध्ये असते. कारंजे आहे, बसायला बाक आहेत, मुले हुंदडतात. सगळे चौकासारखे दिसते, पण चौक नाही. तिथे दहा पत्रके वाटून पाहा, गणवेशातला रखवालदार लगेच हजर होईल. हिंजवडीच्या कंपन्यांत काम करणारी आपली मुले सांगतात, फाटकाच्या आत सगळे कंपनीचे आणि फाटकाबाहेर वाहनांची रांग, मग दाद मागायला उभे राहायचे कुठे? याचे पक्के उत्तर आपल्या कायद्यात मला सापडले नाही. घर भाड्याने मागताना आधी आडनाव विचारणारे मालक तर पेठेत आहेत आणि नव्या सोसायट्यांतही आहेत. एका घरमालकाने मला खोली दाखवली, आडनाव ऐकले आणि म्हणाला, कालच दिली हो. खोलीला कुलूप तसेच होते.

१३ ऑक्टोबर ही तारीख आणखी एकदा आली. १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली ती याच तारखेला, आणि तोही रविवारच होता. मधल्या सहा वर्षांत पर्वती झाली, २ मार्च १९३० पासून नाशिकचे काळाराम मंदिर झाले. दोन्हीकडे बंद दारच मिळाले. ज्यांना ते देऊळ नकोच होते, फक्त हक्क हवा होता, त्यांनी शेवटी त्या दाराकडे पाठ केली. म्हणून आज आपल्यातला एखादा पर्वती चढतो तो दर्शनाला नव्हे, हवेला किंवा पायऱ्या पाहायला, आणि त्यात काही विसंगती नाही.

पर्वती उतरलात की तसेच घरी जाऊ नका. रिक्षाने गंज पेठेत, म्हणजे आताच्या महात्मा फुले पेठेत, जोतीरावांच्या वाड्यावर जा. वडिलांनी घराबाहेर काढल्यावर जोतीराव-सावित्रीमाईंना उस्मान शेख यांनी आपल्या घरात जागा दिली होती. त्याआधी १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली ती बुधवार पेठेत तात्यासाहेब भिड्यांच्या वाड्यात. तो वाडा डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडला. आणि जोतीरावांच्या हाती स्वतःचे घर आले तेव्हा त्यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. मालक तेही होते. वाड्याच्या अंगणात जोतीरावांची समाधी आहे, मागे विहीर आहे. दुपारच्या वेळी गर्दी नसते, मुलांना निवांत दाखवता येते.